मोठ्या आईचा विस्तव

मेसेज इंग्रजीत आला होता. आमच्या घरात फोनला रेंज नाही. खाली रस्त्यावरच्या मोरीपर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलापर्यंत, गेलं की तेवढी येते. म्हणून पावसाळ्यातही मी रोज सकाळी छत्री घेऊन मोरीवर जाऊन उभी राहते. त्या सकाळी तिथेच तो वाचला. पुढच्या दोन दिवसांत लहान ओढ्यांना पाणी चढेल, पूर मोठा नसेल, पण सखल भागातल्या रस्त्यांवर आणि काही घरांत पाणी शिरू शकतं. वर येऊन मी तो बाबांना मराठीत सांगितला. बाबा पडवीत बसून कोयत्याला धार लावत होते. किती पाणी, कधी, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"धाडलंय कुणी?" एवढंच विचारलं.

"सरकारकडून. सगळ्यांना आलाय."

"सगळ्यांना म्हंजे कुणाला? पल्याडच्या वाडीत आलाय काय?"

ते मला कुठून माहीत असणार? मी तसं म्हटलं. "मग बघ," असं म्हणून ते पुन्हा कोयता घासू लागले. जणू मी काहीतरी कबूल केलं होतं.

मला त्यांचं नवल वाटलं नाही. मी बेळगावला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले, पुढे पदवी घेतली आणि आता परीक्षेची तयारी करायला घरी आलेय. तरी कुठलीही बातमी आली की माझ्याही मनात आधी हाच प्रश्न येतो. आमच्या भागात तो सगळ्यांच्या मनात येतो. हे वाघाचं जंगल आहे. आत खोल असलेल्या काही वाड्यांतली माणसं सरकारचे पैसे घेऊन, आपल्या मर्जीने, रामनगराकडे राहायला गेली. त्यांच्या घरांची कौलं खाली आली, अंगणात रान माजलं. आमच्या वाडीला कुणी उठा म्हटलेलं नाही. पण गुंदच्या बाजारात, लग्नात, मर्तिकात एक गोष्ट ऐकू येते: ज्या घरातून धूर निघत नाही, ते घर गेलेलं धरतात. हे कुणी ठरवलं, कुठल्या साहेबाने सांगितलं, कुणालाच माहीत नाही. त्यामुळे ते खोटं आहे असंही कुणाला सांगता येत नाही.

ही गोष्ट सगळ्यांत जास्त खरी मानायची ती माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिचं घर व्हाळाच्या काठावर आहे. आम्ही ओढ्याला व्हाळ म्हणतो. ते मूळचं घर. मी जन्मण्याआधी दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या; थोरल्याकडे जुनं घर आणि खालची शेतं राहिली, बाबांनी वर चढावर नवं घर बांधलं. मोठे बाबा वारले. मोठ्या आईला एकच मुलगी, ती खानापूरकडे दिलेली. ती आईला दर वर्षी बोलावते आणि मोठी आई दर वर्षी सांगते, "विस्तवाकडं कोण बघणार?"

तिच्या चुलीतला विस्तव ती विझू देत नाही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख बाजूला करून फुंकायचं. तिच्याकडे गॅस आहे. सिलिंडरवर विणलेला रुमाल घालून ती त्यावर तांदूळ निवडायचं सूप ठेवते. जत्रेला गेली तरी संध्याकाळी परत येते. आजारी पडली तेव्हा आईने चूल सांभाळते म्हटलं, तर अंगात ताप असताना ती उठून बसली. "माझी मी बघते," म्हणाली. तिला साहेबांचा संशय होताच, आमचाही होता. तिच्या लेखी बाबा खालच्या शेतांवर आणि त्या घरावर डोळा ठेवून होते. बाबा आणि ती एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये कुणीतरी लागायचं, आणि मी घरी आल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं.

मेसेजच्या आधी काही दिवस, उघडीप असताना, एक माणूस मोटारसायकलवरून आला होता. पिवळा रेनकोट, हातात तांबड्या रंगाचा डबा. व्हाळाकाठच्या घरांच्या खांबांवर त्याने आडवा पट्टा ओढला. पाणी चढलं तर कुठवर येईल त्याची खूण, असं तो म्हणाला. आमच्या वरच्या घराकडे तो आला नाही. मी ते लक्षात ठेवलं. मोठ्या आईने तो गेल्या गेल्या खांब शेणाने सारवून टाकला. पण पावसाची झड आली, शेण वाहून गेलं आणि पट्टा पुन्हा दिसू लागला.

मेसेज आला त्याच दिवशी तो परत आला. पाऊस लागून राहिला होता. मी मोठ्या आईकडे ताकाची कासंडी पोचवायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

"अव्वा, दुपारपर्यंत शाळेत या," तो अंगणातूनच म्हणाला. "जेवणाची सोय केलीय."

"का? माझ्या घरात शिजत न्हाई व्हय?"

"पाणी येणार हाय, अव्वा."

"पाणी दरसाल येतंय. तूच ह्या साली आलास."

तो हसला. "दोन दिवसांचं काम. पाणी उतरलं की परत यायचं."

"जे गेले ते बी असंच बोलत व्हते."

"ते वेगळं. ते आपल्या मनानं गेले."

"मी बी आपल्याच मनानं बसलीय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीत म्हणाला, की तुम्ही शिकलेल्या दिसता, जरा यांना समजावा, मोरीवर पाणी आलं की शाळेकडे जायचा रस्ताच उरणार नाही. मी इंग्रजीत "बघते" म्हटलं. बोलताना मला कळत होतं की मोठी आई माझ्या तोंडाकडे बघतेय. तिला न कळणाऱ्या भाषेत मी त्या माणसाशी बोलत होते, आणि मी तोंड बंद केलं असतं तर बरं झालं असतं. जाताना त्याने फोन काढला आणि घराचा फोटो घेतला.

"फोटो कशाला?" मी विचारलं. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायची मला सवय नाही. आवाज नको तितका मोठा निघाला.

"वर दाखवावा लागतो. मी येऊन सांगितलं म्हणून." त्याने फोन माझ्यासमोर धरला. फोटोत अर्धं लोटलेलं दार होतं, पावसाच्या रेघा होत्या, खांबावरचा तांबडा पट्टा होता. माणूस कुणीच नव्हतं. मोठी आई तोवर आत वळली होती. फोटोत ते घर रिकामं दिसत होतं.

तो खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. खरं बोलतोय असंही वाटलं नाही.

तो गेल्यावर मोठी आई दारात आली. "काय बोलत व्हतीस त्याच्यासंगं?"

"तुला शाळेत घेऊन या म्हणाला."

"एवढंच सांगाया इंग्रजी लागतंय व्हय गं?"

मी रिकामी कासंडी उचलून वर आले.

दुपारी व्हाळाचा रंग बदलला. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं होतं, ते तांबडं झालं. मग त्यातून चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काटक्या आल्या, वाळका पाला आला, कुणाच्या तरी परड्यातली पपई अख्खी उपटून मुळांसकट आली. पाणी आधी मोठ्या आईच्या परसात शिरलं. तिथे तिने मुडल्या लावल्या होत्या, आमच्याकडचे कंद. त्यांच्या मातीच्या ढिगांमधून पाणी इकडून तिकडे फिरू लागलं. थोड्या वेळाने मोरी दिसेनाशी झाली. रस्ता होता तिथे नुसतं वाहतं पाणी. शाळेत जायचा प्रश्न मिटला. आता मोठ्या आईला वर यायचं तर फक्त आमच्याच घरी.

आई मला म्हणाली, "तू जा. मी गेले तर ती यायची न्हाई. तुझा बाप गेला तर मुळीच न्हाई."

बाबा बांध बघायला गेलेले होते. मी परकर खोचून खाली उतरले. अंगणात घोट्याएवढं पाणी होतं आणि ते थंड होतं. मोठी आई चुलीपुढे बसली होती. नेहमीसारखी एकेक काटकी सारत नव्हती, लाकडं भराभर घालत होती. मागच्या भिंतीचा खालचा भाग ओला होऊन काळा पडला होता. ती मातीची भिंत आहे.

"मोठे आई, चल वर."

"कुणी सांगितलंय? त्यानं का तुझ्या बापानं?"

"कुणी न्हाई. भिंत बघ की."

तिने भिंतीकडे बघितलं. ती घाबरली होती, हे मला कळलं. भिंतीला लागून ठेवलेली लाकडं तिने घाईने आपल्याकडे ओढली. पण म्हणाली वेगळंच. "मी वर आले आन् हिकडं चूल विझली, तर झालंच. गेली म्हणून लिवून मोकळे व्हतील."

"मग विस्तव घेऊन चल."

हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. विचार करून म्हटलं नव्हतं. ती निखाऱ्यांकडे बघत राहिली.

"तुमच्या चुलीत घालायचा न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"न्हाई."

"एका चुलीत गेला म्हंजे एक घर झालं. उद्या तुझा बाप पंचात सांगंल, वहिनी आमच्यातच व्हती."

"पडवीत वेगळी मांडू. तीन दगड ठेवते."

"दगड कुणाचं?"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. "तुझंच आणते. न्हाणीतलं."

न्हाणीच्या चुलीचे तीन काळे दगड बाहेर छपराखाली होते. मी गोणपाटात एकेक गुंडाळून, छातीशी धरून चढावर नेला. दगडांवरची काजळी भिजून माझ्या हाताला, कपड्यांना लागली. प्रत्येक खेपेला अंगणातलं पाणी थोडं वर आलेलं असायचं आणि मोठी आई दारात उभी राहून मी दगड कुठे नेतेय ते बघायची. मधेच वाटेत ठेवून मी दुसराच उचलीन, असं तिला वाटत असावं. शेवटच्या दगडाला पाणी माझ्या गुडघ्यांना लागत होतं आणि पायाखालची माती सरकत होती. तेव्हा मी तिच्यावर ओरडले. "आता तरी नीघ!"

तिने एका जुन्या मडक्यात राख घातली, तिच्यावर निखारे, वर पुन्हा राख, आणि तवा झाकला. मग निघायचं सोडून धुतलेलं लुगडं पडवीतल्या दोरीवर पसरून घातलं. तांब्या पायरीवर ठेवला, तो पाण्यात तरंगू लागला, तर उचलून कट्ट्यावर ठेवला.

"कुलूप?" मी विचारलं.

"कुलूप लावतात ती गेलेली माणसं."

दार अर्धं लोटून ती निघाली. आमच्याकडे शेतात पावसात डोक्यावर पानांचं इरलं घेतात, ते तिने मडक्यावर धरलं आणि स्वतः भिजत चढली. मी तिचा दंड धरला होता. वर येईपर्यंत तिने तीनदा तवा उचलून आत बघितलं.

पडवीत तीन दगड मांडले. तिने आधी जागा पाण्याने पुसली, मग निखारे ओतले, मग फुंकलं. आमची चूल आत, तिची बाहेर. आईने भात झालाय म्हणून सांगितलं, तर मोठी आई म्हणाली, "तुमचं तुम्ही जेवा." तिने पदरात बांधून आणलेल्या तांदळाची पेज लावली. धूर जायला जागा नव्हती; आम्ही तिघी डोळे पुसत बसलो होतो. त्या धुरात आई आणि ती बऱ्याच दिवसांनी बोलल्या. लाकूड ओलं आहे, एवढंच बोलल्या.

अंधार पडू लागला तेव्हा बाबा आले. चिखलाने माखलेले. पडवीच्या तोंडाशी थांबून त्यांनी तीन दगड बघितले, पेज बघितली.

"तुझ्या बापाला सांग," मोठी आई माझ्याकडे बघत म्हणाली, "दगड माझं हायेत. सकाळी नेणार."

"वहिनीला सांग," बाबा म्हणाले, "मी दगड खात न्हाई."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. बाबा उभ्यानेच पाणी प्याले, त्यांनी बॅटरी घेतली, खुंटीवरचं इरलं उचललं आणि पुन्हा बाहेर पडले. आईने कुठं म्हणून विचारलं. "बघून येतो," म्हणाले.

"काय बघायचं ऱ्हायलंय?" मोठी आई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "माझं इरलं नेलंन."

बॅटरीचा उजेड चढावरून खाली गेला. बांधाकडे वळला नाही. मोठ्या आईच्या अंगणात थोडा थांबला, हलला आणि दिसेनासा झाला. मग घराच्या खिडकीतून आतला उजेड दिसला.

"बघ," मोठी आई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मी हाय तवर पाय ठेवला न्हाई. आता बघ."

"म्हस बघायला गेले असतील."

"म्हस माझ्या घरात बांधता व्हय?"

मी आईकडे बघितलं. आई भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. तिला माहीत होतं, असं मला वाटलं. आणि मला एक गोष्ट आठवली. उन्हाळ्यात एकदा मी परसातून आत येत होते, तेव्हा बाबा आईला सांगत होते, "वहिनी गेल्या की त्या घराचं..." मी दारात आले आणि ते थांबले. ते वाक्य पुढे काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. गेल्या म्हणजे मुलीकडे गेल्या की वारल्या, हेही नाही. पण तेव्हापासून बाबा व्हाळाच्या दिशेने चालू लागले की माझी नजर त्यांच्या मागे जाते.

बाबा जेवायला आले नाहीत. आई दोनदा पडवीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, हाक मारली नाही. खिडकीतला उजेड तसाच होता. मोठी आई आपल्या चुलीपाशी बसून तिकडे बघत होती. झोपायला आत चल म्हटलं तर तिने मान हलवली नाही. मी तिच्या अंगावर कांबळं टाकलं आणि आत गेले. पाण्याचा आवाज अंथरुणातही येत होता.

सकाळी पाऊस भुरभुरता होता. व्हाळ अजून तांबडा होता, पण अंगणातून मागे सरला होता. त्याने सगळीकडे गाळ आणि पाला सोडला होता. मोठी आई मडकं भरून तयारच होती. मी तिच्याबरोबर उतरले.

अर्ध्या वाटेवर ती थबकली. तिच्या घराच्या कौलांतून धूर येत होता.

ती इतक्या जोरात चालू लागली की मला तिला धरता येईना. पडवीत तिचं लुगडं दोरीवर तसंच होतं. खांबावर ओलीची रेघ होती, तांबड्या पट्ट्याच्या जरा खाली. मोठी आई तिथे क्षणभर थांबली. "त्याला आधीच कसं ठाऊक, एवढंच येणार?" ती म्हणाली आणि आत शिरली.

आत गाळ होता. मागची भिंत उभी होती, पण खालून तिचे पोपडे सुटले होते. मातीची चूल एका बाजूने विरघळून बसली होती. मधल्या उंच ओट्यावर एक लोखंडी घमेलं होतं आणि त्यात जाळ होता. बाबा ओट्याच्या कडेला बसले होते, पाय गुडघ्यापर्यंत वाळल्या चिखलाचे, डोळे लाल. इरलं खुंटीवर लावलेलं होतं. भिंतीच्या बुडाशी तांदळाची पोती उभी करून त्यांवर लाकडी फळ्या टेकवलेल्या होत्या. पोती आमची होती, आमच्या परसातल्या गोठ्याच्या माळ्यावरची. आमच्या पोत्यांना बाबा निळ्या दोरीने तोंड बांधतात.

मोठी आई पोत्यांकडे बघत नव्हती. ती घमेल्याकडे बघत होती.

"कुणाच्या नावानं पेटवलात?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, थेट बाबांना.

बाबांनी डोळे चोळले. "वहिनी, लाकडं तुमचीच हायेत."

"लाकडं न्हाई इचारली."

"घर रिकामं दिसाया नको म्हणून."

"कुणाला?"

बाबांनी घमेल्यात एक काटकी सारली. साहेबांना, असं ते म्हणाले असते तरी चाललं असतं. तुम्हाला, म्हणाले असते तरी. ते घमेल्यातल्या जाळाकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते. इतकी वर्षं मी माणसांचे चेहरे बघत, गप्प बसत आले, मला त्यातलं थोडं कळतं असं वाटायचं. पण रात्रभर जागलेल्या माणसाचा चेहरा सगळ्याच कारणांसाठी सारखा दिसतो.

मोठ्या आईने कट्ट्यावरचा तांब्या घेतला, बाहेर जाऊन डबक्यातलं गढूळ पाणी भरून आणलं आणि घमेल्यात ओतलं. जाळ फस्स करून विझला. राखेची वाफ बाबांच्या तोंडावर गेली. त्यांनी मान बाजूला केली, उठले नाहीत.

"जा," ती मला म्हणाली, "दगड आण."

"मी आणतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही बसा, भावजी. पोरगी आणंल."

मी वर गेले. आई पडवी झाडत होती. "जाळ व्हता का तिथं?" तिने हळूच विचारलं. मी हो म्हटलं. "मग बरं," ती म्हणाली. कुणासाठी बरं, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी दगड गोणपाटात गुंडाळला.

खाली प्रत्येक दगड ठेवला की मोठी आई तो उलटा करून बघायची. काजळी लागलेली बाजू कुठे, कोपरा तुटलेला कुठे. शेवटचा दगड तिने हातात धरून जरा जास्तच वेळ फिरवला. मला एकदम भीती वाटली की रात्रीत कुणी बदलला तर नाही. मग तिने तो जागेवर ठेवला आणि हाताने दाबून बसवला. मडक्यातले निखारे काढले, वर वाळक्या शेणीचा चुरा टाकला, फुंकलं. आधी नुसता धूर आला, मग जाळ. ती मागे सरली आणि पदराने तोंड पुसलं.

दूध नव्हतं. तिने गुळाचा कोरा चहा ठेवला. बाबा उठून निघू लागले तेव्हा म्हणाली, "बसा, च्या हाय." पण आत नाही; पडवीत पोतं अंथरलं, पाहुण्यांना अंथरतात तसं. ज्या घरात ते लहानाचे मोठे झाले, त्याच्या पडवीत बाबा पोत्यावर मांडी घालून बसले आणि कप दोन्ही हातांत धरला. तांदळाची पोती घेऊन जा, असं ती म्हणाली नाही. ठेवा, असंही म्हणाली नाही.

तेवढ्यात मोरीपाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मोरीच्या कडेचा रस्ता खचला होता. त्याला अलीकडे येता येईना. पिवळा रेनकोट घातलेला तो माणूस पलीकडेच उभा राहिला आणि हात वर करून काहीतरी विचारू लागला. पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मग त्याने फोन काढून आमच्या दिशेने धरला.

मोठी आई लगबगीने आतून आली. दार दोन्ही बाजूंना पूर्ण उघडलं आणि मधोमध उभी राहिली. पदर नीट केला. तिच्या मागून, कौलांच्या फटींतून, धूर वर जात होता.

"दिसतोय काय गं धूर?" तिने मला विचारलं.

"दिसतोय."

तिने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघितलं. मग बाबांकडे.

"भावजी, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "फोटोत येताय."

बाबा चहाचा कप घेऊन खांबाआड सरकले.